कुरडूतलं ऊन

पेणच्या रामवाडीत, हायवे सोडून आत वळलं की एका किराणा दुकानाला लागून शांती फोटो स्टुडिओ होता. शांती हे गोविंदाच्या आईचं नाव. ती गेली त्याच वर्षी गोविंदाने दुकान थाटलं आणि पाटीवर तिचं नाव घातलं. पुढच्या खोलीत काउंटर, भिंतीवर आरसा, आरशाखाली कंगवा नि पावडरचा डबा. आतल्या खोलीत मोठा रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते, निळं तळं होतं आणि तळ्यात दोन हंस होते. आसपासच्या गावांतली किती नवीन जोडपी ह्या हंसांसमोर उभी राहून गेली असतील याला गणती नाही.

सरू ही गोविंदाची बायको. तिचं माहेर रोह्याच्या अलीकडे, मावळतीच्या डोंगराला टेकलेलं एक गाव. पावसाळ्यात भात आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल, अशी तिथली शेती. लग्न होऊन ती रामवाडीत आली आणि लवकरच स्टुडिओत उभी राहायला लागली. नवरीच्या पदराच्या निऱ्या सारख्या करायच्या, शाळेतल्या पोरांचे केस ओले करून भांग पाडायचा, लहान मूल रडायला लागलं की कॅमेऱ्यामागे उभं राहून जिभेने टॉक् टॉक् करत त्याला हसवायचं, आणि दुपारी बसून पासपोर्टचे फोटो कात्रीने कापायचे. कॅमेऱ्याला मात्र तिने हात लावायचा नाही. असं कुणी बोललं नव्हतं, पण ते तसंच होतं. तिलाही त्यात वावगं वाटत नसे. देवघरातल्या देवांना सोवळ्याशिवाय शिवू नये, तसं ते.

गोविंदा मितभाषी माणूस. कामात चोख. कुणी हौशी पोरगा फोटोग्राफी शिकवा म्हणून आला तर तो एकच वाक्य सांगायचा, "ऊन पाठीला, माणूस समोर. ह्याच्यापुढं ह्या धंद्यात काय नाय." आणि खरोखरच तो तसा वागे. लग्नात मांडव कुठल्याही तोंडाचा असो, गोविंदा ऊन पाठीवर घेऊन उभा.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. त्या सुमारास आपल्याकडे क्रिकेटचं वेडही वाढलं होतं. दिवाळी सरली, भात झोडून झालं की गावोगाव मोकळ्या शेतांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मंडप, कर्णे, बॅनर, विजेत्याला माणसाच्या कमरेइतका उंच कप. ह्या सामन्यांचे फोटो काढायला गोविंदाने मुंबईहून एक लांब लेन्स आणली. जुनी होती पण काच निर्मळ. सीमारेषेबाहेर उभं राहून पार खेळपट्टीवरच्या बॅट्समनच्या कपाळावरचा घाम दिसायचा तिच्यातून. गावातल्या पोरांनी तिचं नाव नळकांडं ठेवलं. "फोटोवाला नळकांडं घेऊन आला," असं झालं की सामना सुरू झाला म्हणायचा. गोविंदा ती लेन्स मऊ फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवायचा आणि रविवारी उन्हात काढून फुंकर मारून पुसायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका वर्षी गणपतीच्या आधी गोविंदा हमरापूरला गेला. तिथल्या एका मूर्तिकाराला त्याच्या मूर्तींचे फोटो हवे होते. रंगवून वाळत ठेवलेल्या गणपतींच्या ओळीसमोर गोविंदा फोटो काढायला खाली बसला आणि त्याला उठताच येईना. उजवा हात त्याच्या हुकमातून गेला होता. उजवा पाय गेला होता. काहीतरी बोलायला गेला तर तोंडातून नुसता आवाज आला. मूर्तिकाराच्या माणसांनी त्याला टेम्पोत घालून पेणला आणलं.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा नवरात्र बसलं होतं. जीव वाचला होता. पाय ओढत, काठी धरून चार पावलं टाकता येत होती. पण हात लुळा आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द एकेक करून, फार कष्टाने येत. घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर काठी उचलून स्टुडिओतल्या आरशाकडे दाखवली. सरूला वाटलं, तोंड बघायचंय. तिने त्याला आरशापुढे नेलं. तो मान फिरवून म्हणाला, "काढ."

"काय काढू?"

"आरसा."

सरूने आरसा उतरवून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्या दिवसापासून गोविंदा खिडकीशी बसायला लागला. घरातसुद्धा गळ्यातला मफलर तोंडावरून घेऊन. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचा.

दुकान बंद ठेवून कसं चालेल? सरूने शटर वर केलं. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागणारा एक पोरगा गेटपाससाठी फोटो काढायला आला होता. सरूने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा डोळ्याला लावला. पहिल्या फोटोत त्या पोराचं कपाळ निम्मं कापलं गेलं. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसरा बरा आला. पोरगा बघून म्हणाला, "चालंल वैनी. मीच हाय असं दिसतंय." सरूला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मार्गशीर्षात तिचा भाऊ सखा माहेराहून आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मान खाली घालून म्हणाला, "बाय, गावच्या सामन्यांचं दाजींनी पोरांना कबूल केलं व्हतं. पोरांनी बॅनरवर शांती फोटो छापलंय. आता दुसऱ्या कुणाला सांगू काय?"

सरूने खिडकीकडे बघितलं. गोविंदाची पाठ दिसत होती.

"नको सांगू. मी येते," ती म्हणाली.

"तू?"

"मग? तीन म्हयने झाले, मीच काढते."

सखाला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सामन्याच्या दिवशी सरू लांब लेन्स आणि स्टँड घेऊन माहेरच्या शेतात उभी राहिली. जेवणवेळ उलटून गेली होती. ऊन चटकत होतं म्हणून तिने मैदानाच्या उगवतीकडे, आंब्याच्या सावलीत जागा धरली. तिथून सगळं मैदान समोर दिसत होतं, त्यापलीकडे वालाची शेतं आणि त्यांच्यामागे डोंगर. दिवस कलेल तसं ऊन आपल्या तोंडावर येणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. लेन्स जड, माणसं पळणारी, चेंडू तर दिसेल तेव्हा दिसेल. कर्ण्यावरून एक जण सतत ओरडत होता. सरू घाबरत घाबरत बटण दाबत राहिली.

अंतिम सामना रंगात आला तेव्हा सूर्य डोंगराच्या माथ्याशी आला होता. कुणीतरी उंच फटका मारला. चेंडू सीमारेषेबाहेर गेला. एक पोरगा त्याच्यामागे धावला आणि सरूने नळकांड्यातून त्याचा पाठलाग केला. पोरगा बांधाशी पोचला, वाकला, चेंडू उचलून पळाला. सरूची लेन्स मात्र बांधावरच राहिली.

बांधावर कुरडू माजला होता. कुरडू म्हणजे तण. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळा असतो तेव्हा भाजी करतात, मग कुणी त्याच्याकडे बघत नाही. सरूने लहानपणापासून तो तुडवला होता, उपटला होता, बकऱ्यांपुढे टाकला होता. पण असा कधी बघितला नव्हता. सूर्य त्याच्या बरोबर मागे होता आणि सूर्याखाली डोंगराचं अंग सावलीत गेल्यामुळे काळंनिळं झालं होतं. त्या काळोखावर कुरडूचा एकेक तुरा आतून पेटल्यासारखा उभा होता. शेंड्याला गुलाबी, खाली येईल तसा रुपेरी, आणि कडेला बारीक पांढऱ्या लवेची रेघ. मधूनच एखादं चिलट त्या उजेडातून जाई आणि सोन्याचा कण तरंगत गेल्यासारखा दिसे. पुढचं-मागचं गवत लेन्समध्ये पातळ होऊन विरघळलं होतं. त्याच्या पात्यांवरच्या उन्हाचे गोल गोल टिपके झाले होते, एकमेकांत मिसळणारे, पाण्यात सोडलेल्या दिव्यांसारखे. वारा आला की सगळं एकदम हलायचं आणि पुन्हा हळूहळू जागेवर यायचं.

कर्ण्याचा आवाज कुठेतरी लांब गेला. सरूला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि कुणी उठवू नये. ती बटण दाबत होती, थांबत होती, वाऱ्याची वाट बघत होती. सूर्य डोंगराआड गेला आणि कुरडू पुन्हा नुसता कुरडू झाला, तेव्हा ती भानावर आली. मैदानात फटाके वाजत होते. कप देऊन झाला होता.

"ताई, कपाचा फोटो दाखवा बघू," मंडळाचा कप्तान आला.

कपाचा फोटो नव्हता. बाकीच्या फोटोंत खेळाडू म्हणजे पांढऱ्या आभाळासमोरच्या काळ्या बाहुल्या. कोण कुठला ते कळायला मार्ग नाही. कप्तान काही वाईट बोलला नाही, पण सखाकडे ज्या नजरेने बघितलं त्याने सखाची मान खाली गेली. पुन्हा काही ह्या स्टुडिओला सामन्याचं बोलावणं येणार नव्हतं, हे सरूला तिथेच समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोविंदापुढे कॅमेरा धरला. लपवून काय करायचं? तो डाव्या हाताच्या अंगठ्याने एकेक फोटो पुढे सरकवत गेला. काळ्या बाहुल्या एकामागून एक गेल्या.

"ऊन," तो म्हणाला. बराच वेळ घेऊन पुढचा शब्द आला, "पाठीला."

"व्हय. चुकलं माझं."

मग कुरडू आला. गोविंदाचा अंगठा थांबला. पुढचा फोटो आला, पुन्हा थांबला. सगळे संपले तसा तो म्हणाला, "मागं." सरूने मागे नेलं. "मागं." पुन्हा नेलं. तोंडावरचा मफलर कधी खाली घसरला त्याचं त्याला भान नव्हतं.

"काय... हाय हे?"

"कुरडू. सखाच्या बांधावरचा."

गोविंदाने तिच्याकडे बघितलं. थट्टा करते आहे की काय, असं. मग पुन्हा त्या छोट्या पडद्याकडे. आयुष्यभर ऊन पाठीवर घेतलेला माणूस पहिल्यांदाच उन्हाच्या तोंडाकडे बघत होता. सरू चहा करायला आत गेली. बाहेर आली तरी तो तसाच, मांडीवर कॅमेरा घेऊन.

त्या रविवारी दुपारी सरू भाकऱ्या झाकून बाहेर आली तर गोविंदा एका हाताने सदरा घालायचा प्रयत्न करत होता. एक बाही गळ्यात अडकली होती.

"कुठं निघालात?"

"कुरडू," तो म्हणाला.

आजारपणानंतर तो पहिल्यांदा आपण होऊन कुठेतरी जायचं म्हणत होता. सरूने पुढे होऊन बाही सरळ केली, बटणं लावली, मफलर तोंडाभोवती गुंडाळला. रिक्षाने दोघं पेण स्टेशनला आली आणि रोह्याच्या पॅसेंजरमध्ये बसली. खिडकीतून कापलेली भातशेतं, मधूनच एखादं तळं, पेंढ्यांच्या उडव्या मागे जात होत्या. गोविंदा खिडकीला नाक लावून बसला होता. स्टेशनवर सखा मोटारसायकल घेऊन आला. पुढे सखा, मध्ये गोविंदा आणि त्याला मागून धरायला सरू, गळ्यात नळकांडं. गावातली माणसं बघायला उंबऱ्यावर आली.

सखाने शेतात प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. सरूने स्टँड लावला. तिला एक गोष्ट आता उमगली होती. ही लेन्स जवळचं बघत नाही. फुलाशी गेलं की तिला सगळं धुकं दिसतं. मागे सरावं लागतं, आणखी मागे, फूल नुसत्या डोळ्यांना दिसेनासं होईपर्यंत. मग ते लेन्समध्ये येऊन उभं राहतं. पण त्या दिवशी काही केल्या जमेना. फोटोवर पांढरी साय धरल्यासारखी दिसत होती. सगळे रंग धुतले जात होते.

गोविंदा खुर्चीतून बघत होता. त्याने डावा हात वर केला, डोळ्यांवर धरला, आणि लेन्सकडे बोट दाखवलं. सरूला कळेना.

"सावली," तो म्हणाला. "तिला."

उन्हाची तिरीप सरळ लेन्सच्या काचेवर पडत होती. फुलावर ऊन हवं आणि काचेवर सावली. सरूने हात धरून बघितला, तर हात फोटोत यायला लागला. तेव्हा गोविंदा काठी टेकत उठला. सखाची काळी छत्री बांधाला टेकून ठेवली होती, ती त्याने डाव्या हातात घेतली, कंबर स्टँडजवळच्या दगडी गडग्याला टेकवली आणि छत्री लेन्सवर धरली. जरा पुढे, जरा खाली, पुन्हा जरा वर. फोटोवरची साय एकदम ओसरली. कुरडू पुन्हा पेटला.

"हलू... नको," गोविंदा म्हणाला.

हलत होता तो स्वतः. पाय थरथरत होता, छत्री डुलत होती. सरूला हसू आलं. डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून ती हसली आणि तिच्या कानाशी, छत्रीखाली, घुसमटल्यासारखा एक आवाज आला. गोविंदाही हसत होता.

तेव्हापासून दोघांचा तो परिपाठ झाला. रविवार आला की पॅसेंजर, मोटारसायकल, खुर्ची, छत्री. बोलणं फार नसायचं. स्टुडिओत बाजूबाजूला उभं राहून सबंध तरुणपण गेलं होतं, पण दोघं मिळून एकाच गोष्टीकडे अशी कधी बघत बसली नव्हती. सूर्य खाली यायची वाट बघायची. वारा थांबायची वाट बघायची. वाट बघता बघता गोविंदाची पापणी मिटायची आणि सरू त्याला तसंच झोपू द्यायची. मग उजेड पिवळा होऊ लागला की त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवायची. तो जागा व्हायचा, छत्री घ्यायचा.

गाव मात्र हसत होतं. त्यात एकदा सखा कोयता घेऊन बांध साफ करायला निघाला, तर सरूने त्याला अडवलं.

"ह्यो एवढा पट्टा ठेव रे."

"कुरडू ठेवू? बाय, वालात बी पडंल त्याचं. लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू दे. दाजींसाठी ठेव."

दाजींचं नाव निघाल्यावर सखाचा इलाज नव्हता. त्याने पट्टा ठेवला. मग पाणवठ्यावर नि पारावर एकच चर्चा, सखाने यंदा तण पेरलंय. त्याची बायको हौसा तर चिडून म्हणाली, "सगल्यांच्या शेतात पीक, नि आमच्या शेतात फोटू." पण चहा मात्र तीच घेऊन यायची, आणि खुर्चीशेजारी उकिडवी बसून, काय एवढं दिसतं म्हणून एकदा नळकांड्याला डोळा लावून गेली. बराच वेळ डोळा काढला नाही. मग किटली उचलून घरी गेली.

शिमग्यापर्यंत कुरडू वाळून गेला. उन्हाळ्यात नुसती वाळकी गवतं होती, त्यांच्या कुसळांतून ऊन कसं जातं ते सरूने बघितलं. श्रावण संपता संपता तेरडा फुलला. ह्या बाजूला गौरी तेरड्याच्याच असतात. बायका डोंगराच्या पायथ्याहून मुळासकट तेरडा उपटून, वाजतगाजत घरी आणतात. त्या वर्षी गौरी आणायच्या आदल्या दुपारी पावसाने उघडीप दिली. सरूने तेरडा डोंगराशी उभा असतानाच टिपला. पाकळ्या इतक्या पातळ की ऊन त्यांतून गाळून पुढे येत होतं, आणि पानापानाच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब. गोविंदा चिखलात काठी रोवून उभा होता. फोटो बघून त्याने छत्री खाली ठेवली आणि डावा हात छातीशी नेऊन नमस्कार केला.

सरूने तो फोटो मोठा छापून स्टुडिओत लावला. पडद्यावरच्या हंसांशेजारी तेरडा. गिऱ्हाइकं विचारत, कुठल्या गावचं फूल हे? फॉरेनचं काय? सरू सांगायची, रोह्याच्या अलीकडचं.

कार्तिकात कुरडू पुन्हा उभा राहिला. एका रविवारी बरेच फोटो काढून झाले होते. सूर्य डोंगराच्या माथ्याला टेकायला थोडा अवकाश होता. सरूने विचारलं, "आवरायचं?"

गोविंदा उठला. छत्री त्याने सखाच्या हातात दिली आणि काठी टेकत बांधाकडे चालू लागला. सरूला वाटलं, पाय मोकळे करतो आहे. तो कुरडूच्या पट्ट्यात जाऊन थांबला, वळला, आणि मफलर काढून त्याने काठीवर टाकला.

"काढ," तो तिथून म्हणाला.

वर्षभर ह्या माणसाने कुणाला तोंड दाखवलं नव्हतं. "ऊन तुमच्या मागं हाय," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तसाच काढ."

सखाने छत्री धरली. सरूने डोळा लावला. लांब उभा असलेला गोविंदा लेन्समधून अगदी समोर आला, इतका समोर की तिला क्षणभर लाजल्यासारखं झालं. दाढीचे पांढरे खुंट उन्हात एकेक उजळले होते. कानाची पाळी लालसर, आरपार दिसत होती. खांद्यावर सदऱ्याचे बारीक तंतू चमकत होते आणि भोवती कुरडूचे तुरे, काही स्वच्छ, काही विरघळलेले. तोंडाची ओढलेली बाजू सावलीत होती. लपलेली नव्हती, होती तशीच होती, पण मऊ. तो ताठ उभा होता, कंपनीत लागणारी पोरं गेटपासच्या फोटोला उभी राहतात तसा. अंग चोरून.

सरूने कॅमेऱ्यावरून मान वर केली आणि जिभेने टॉक् टॉक् केलं, रडक्या पोरांना करायची तसं.

गोविंदा हसला. अर्ध्या तोंडाने, पण सगळ्या डोळ्यांनी. तिने बटण दाबलं.

घरी येऊन त्याने फोटो बघितला. कितीतरी वेळ बघितला. "मीच?"

"तुमीच."

दोन-चार दिवसांनी एक मुलगी फोटो काढायला आली आणि वेणी नीट आहे का म्हणून काचेच्या दारात वाकून बघायला लागली, तेव्हा खिडकीशी बसलेला गोविंदा म्हणाला, "आरसा लाव गो. गिऱ्हाइकांनी... बघायचं कशात?"

सरूने आरसा लावला.

गोविंदाचा तो फोटो तेरड्याच्या जागी आला. तेरडा सरकून बाजूला गेला. आणि मग निराळंच सुरू झालं. तरुण माणसं हंसांपुढेच उभी राहत, पण म्हातारी माणसं काउंटरशी थांबून गोविंदाच्या फोटोकडे बघत राहायची. पहिली बोलली ती धोंडुबाई. खाडीकडची, सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. नातीचे फोटो न्यायला आली होती. फोटो बघून म्हणाली, "माजा पन असाच काढ गो. मानूस असून देवासारका दिसतंय."

"या आतल्या खोलीत, आजी."

"आत नको. त्याचा भाईर काढलास ना? माजाबी भाईर काढ. मिठागरावर."

"तिथं फुलं कुठं असतील?"

"फुलं काय करायचीत?" धोंडुबाई म्हणाली. "मेल्यावर घालतीलच की."

सरू आणि गोविंदा खाडीकाठी गेली. मिठाच्या वाफ्यांत पाणी आरशासारखं पडलं होतं. धोंडुबाई वाफ्याच्या बांधावर, खाऱ्या गवतात उभी राहिली. ऊन तिच्या पाठीमागून आलं, पाण्यावरून उलटून पुन्हा तिच्याच चेहऱ्यावर पडलं, आणि तिच्या विरळ पांढऱ्या केसांचा एक धूर झाला. तो फोटो तिच्या घरात लागला, तो बघायला शेजारच्या बायका आल्या, मग त्यांतल्या एकीने आपल्या नवऱ्याला पाठवलं. अशा रीतीने पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी घरांत उन्हाकडे पाठ केलेली म्हातारी माणसं भिंतीवर आली. कुणी भाताच्या उडवीशी, कुणी पेरूच्या झाडाखाली, कुणी नुसत्या गवतात. सरू त्यांना नीट बसा म्हणत नसे, तोंड सरळ करा म्हणत नसे. लांब उभी राहायची आणि वाट बघायची. छत्री धरायला गोविंदा असायचाच. आता त्याचा पाय बराचसा आला होता. बोलणं मात्र तेवढंच राहिलं, आणि त्याला ते पुरत होतं.

पुढच्या पौषात सखाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "बाय, ये नि बघ तुझा कुरडू."

दोघं गेली. बांधावरच्या पट्ट्याचं बी वालाच्या सबंध शेतात पसरलं होतं. वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर जिथे बघावं तिथे कुरडू. शेजारच्या शेतात पण शिरला होता. शेजारी येऊन चार शब्द सुनावून गेला होता. सखा कमरेवर हात ठेवून उभा. "आता ह्यो बी टाकायच्या आत काढायला पायजे. मी सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतंस," सरू म्हणाली. तिने कॅमेऱ्याची पिशवी आंब्याला टांगली, पदर खोचला आणि शेतात वाकली.

चौघं उपटायला लागली. सखा, हौसा, सरू, आणि गोविंदा बांधावर फतकल घालून, हाताला येईल तेवढा कुरडू डाव्या हाताने ओढत. मुळं घट्ट होती. उपटताना वालाचं झाड हलायचं आणि हौसा ओरडायची, "सांभाळून गो." ढीग वाढत गेला. बकऱ्या येऊन त्यात तोंड घालायला लागल्या. दिवस उतरला. डोंगर सावलीत गेला आणि उरलेल्या कुरडूत ऊन शिरलं. सगळं शेत तळापासून उजळून निघालं. हौसा पाठ सरळ करून म्हणाली, "घे, काढ आता तुझा फोटू. असा परत मिलायचा नाय."

सरूने बघितलं. हात मातीने भरले होते, नखांत हिरवं गेलं होतं. गोविंदानेही मान वर केली होती.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "उजेड हाय तवर ही कड संपवू."

आणि पुन्हा वाकली. उजेड तिच्या हातांवरून, तुऱ्यांवरून, गोविंदाच्या मांडीवर पडलेल्या उपटलेल्या रोपांवरून हळूहळू सरकत वर गेला. वालाच्या वरच्या पानांवर थोडा वेळ राहिला आणि मग गेला. शेवटचा कुरडू उपटला तेव्हा बांधापलीकडे हौसाने पोपटी लावायची तयारी केली होती. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून सखाने भोवती काटक्या पेटवल्या. पाल्याचा कडू-गोड वास सुटला. गोविंदा जाळाशी सरकला, गरम शेंग डाव्या हातात झेलत त्याने दाताने सोलली आणि दाणे चावता चावता सरूला म्हणाला, "मीठ... बरोबर हाय."

"हौसाचा हात हाय," सरू म्हणाली, आणि त्याच्यासाठी आणखी शेंगा निवडायला लागली.